डोक्यावरचे दोन भोवरे

मंगळवार, संध्याकाळ

चाळिशी उलटल्यावर ह्यांना केस कशाला हवेत? बिरवाडीच्या कारखान्यात दिवसभर डोक्यावर हेल्मेट. तिथे कोण बघणार? की बघतंय कोणी?

म्हणून आज महाडला केस लावणाऱ्या डॉक्टरांकडे मीही मुद्दाम गेले. त्यांनी ह्यांच्या डोक्याचा मागून फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. "दोन भोवरे आहेत. एक उजवीकडे फिरतो, एक डावीकडे. नवे केस त्याच वळणाने लावायला हवेत, नाहीतर उभे राहतील."

दोन भोवरे. इतकी वर्षं दाट केसांत मला दिसलेच नाहीत. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, दोन भोवरे म्हणजे दोन बायका.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. "एकच हाय. डाक्टरला काय कळतंय?" मान वर केली नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मला बघायला आले, तेव्हा भर उन्हाळ्यात ह्यांनी टोपी काढली नव्हती. सर्दी झालीय, असं सासूबाईच म्हणाल्या होत्या. सर्दी खरंच होती का? एकदाही शिंकले नव्हते.

जेवताना ह्यांनी विचारलं, "फक्त पुढे लावू, की मागचंही भरून घेऊ?"

"पुढेच लावा," मी म्हटलं. "मागे काही करू नका."

ते दोन भोवरे आता मला रोज दिसलेले बरे.