येऊरची चढण आणि बाबांची जीप

२ ऑक्टो. ८८, रवि.
दादा दिव्याहून आलेला. जेवताना म्हणाला, अंगणातली जीप काढा, तिथे खोली बांधून आम्ही बाळकुमलाच येतो. दिव्याला पाण्याची बोंब, एका खोलीत दोन पोरं. त्याचंही चुकत नाही. पण भंगारवाल्याशी बोलूनसुद्धा आलाय. बाबांनी ताट पुढे सारलं. मिल्ट्रीने लिलावात काढलेली जुनी जीप, बाबांनी वर्षानुवर्षं चालवली. डोळे अधू झाल्यापासून बॉनेटवर हात ठेवून शेजारी बसलेले असतात. मला राहवलं नाही. बोलून गेले, दसऱ्याला सगळ्यांना बसवून येऊरचा डोंगर चढवते. दादा म्हणाला, "चढली तर खोली मागे विहिरीकडे बांधतो. नाही चढली तर नंदे, एक शब्द काढायचा नाही." हो म्हटलं. आता निस्तरा.

५ ऑक्टो., बुध.
हाफ डे टाकला. कार्बोरेटर उघडला, आत गाळच गाळ. पेट्रोलने धुतला. प्लग घासले. सेल्फ स्टार्टर मेलेलाच आहे, हँडल मारून मारून खांदा गेला. बाबा खुर्चीतून मुकादमी करतात. "एक प्लग मरतोय, कान दे गो जरा." कान दिला, काही कळलं नाही. एकेका प्लगची वायर काढून बघितली, तिसरा मेलेला. बदलला. धूर, खोकला, आणि सुरू. शेजारच्या काकू वाळवण उचलून पळाल्या. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

९ ऑक्टो., रवि.
ब्रेक. चारी चाकं काढली. रबरं फुगून गेलेली, नवी टाकली. मग लाइनमधली हवा काढायची, त्याला पेडलवर एक माणूस लागतो. बाबांचा गुडघा चालत नाही, म्हणून आयला बसवलं. आय नऊवारीत, स्टेअरिंग धरून. मी खालून ओरडतेय, दाब... धर... सोड. ती मध्येच सोडते, कारण माशेवाली आली. पुन्हा पहिल्यापासून. दुपारी पेडल घट्ट लागलं. आय म्हणाली, "अजून दाबू?" तिला आवडलेलं.

१६ ऑक्टो., रवि.
क्लच. गिअरबॉक्स उतरवला, खाली फळी आणि जुनी गादी. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली. उद्या ठाण्याला नवीन लायनिंग बसवायला देते. हातांचं काळं निघत नाही. ऑफिसात टाइपरायटरवर डाग पडतात, साहेब बघतो.

१८ ऑक्टो., मंगळ.
प्लेट आली. नवीकोरी दिसते. उद्या रजा टाकून बसवणार होते, तर बाबा म्हणाले, उद्या खंडेनवमी, पान्याला हात लावायचा नाही. भांडले. दसरा परवावर आलाय. बाबांचं एकच, "लोखंडाला पन वर्षातून एक दिस सुट्टी नको का गो?" पाना पेटीत ठेवला.

१९ ऑक्टो., बुध.
शेवटी ऑफिसला गेले. घरी आले तर पाटावर पूजा मांडलेली. पाने, हातोडी, कोयता, आयची मासे कापायची विळी, मधोमध माझी क्लच प्लेट. हळदकुंकू, झेंडू. सगळं लखलखतंय. आयने दिवसभर घासलं म्हणे. खरंच छान दिसत होतं.

२० ऑक्टो., दसरा.
पहाटेपासून भिडले. प्लेटवरचं हळदकुंकू फडक्याने पुसलं, बसवली. शेजारच्या चौघांनी गिअरबॉक्स उचलला. दुपारी दादा, वहिनी, पोरं आली, सगळे कोंबून निघालो. वर्तकनगरपर्यंत झकास. येऊरच्या चढणीला इंजिन बोंबलतंय आणि जीप जागच्या जागी. जळका वास. बाबांनी नाक वर केलं. "खोबरेल कुठशी जळतंय?" मागून आय: "मना काय ठाव. गंजंल म्हनून सगल्याला तेल लावला."
क्लच प्लेटला खोबरेल! ती कोरडी असली तरच धरते, तेलाने घसरणारच. दादा पोट धरून हसला, वहिनी हसली, मीही हसले, मग रडले. ब्रेकवर धरून मागे मागे खाली उतरवली. ब्रेक एक नंबर. घरी दादा हळूच म्हणाला, "पण चढली नाही गं." रविवारी भंगारवाला येणार.
बाबा न जेवता झोपले.

२२ ऑक्टो., शनि.
गिअरबॉक्स पुन्हा खाली. एकटीने कसा उतरवणार होते देव जाणे. जुनी पँट घालून दादा आला, न सांगता. विचारलं तर म्हणाला, पाना दे. प्लेट पेट्रोलने धुतली, काचकागदाने घासली, उन्हात ठेवली. बाबा बोटांनी चाचपत राहिले. "आत मुरला असंल तर परत सुटंल." आयला अंगणात यायची बंदी. ती खिडकीतून बघत होती.

२३ ऑक्टो., रवि., सकाळ
बसवली. अंगणात पुढेमागे केली, धरते. पण अंगण म्हणजे येऊर नव्हे.
भंगारवाला वेळेवर हजर. दादाने त्याला चहा दिला आणि जीपमध्ये मागे बसवला, आयच्या शेजारी. म्हणाला, "अडकली तर तिथूनच घेऊन जा. चढली तर मोकळी हवा खा आणि चालत उतर." तो बिचारा दांडीला विळखा घालून बसलाय. बाबा पुढे, गिअरच्या दांड्यावर हात. मी एवढंच लिहून घेतेय. हॉर्न वाजतोय, दादाच वाजवतोय. जाते.