नाचू नये म्हणून बांधलेल्या खुर्च्या

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत जमिनीवर सगळीकडे वायरी पसरल्यात, तेव्हा उभ्याउभ्याच घातलेला गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतोय? आतोबांचा खोकला थांबला, की अजून फोन उचलल्यावर आधी तोच बोलतो? मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. (हे वाक्य आईलाही वाचून दाखव.)

शनिवारच्या आमच्या कार्यक्रमाला गुडघ्यापायी तुला येता आलं नाही, पण तुझ्या शिवणाच्या कारखान्यातल्या चौघी आल्या होत्या. त्यांनी एव्हाना तिखटमीठ लावून सगळं सांगितलं असेलच. आता खरी हकिगत माझ्याकडून ऐक.

मी आणि माझा भागीदार दाढीवाला प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत करतो हे तुला ठाऊक आहे. (तेच, जे ऐकून आतोबांनी उठून फ्रिज बंद केला होता.) दाढीवाल्याचं म्हणणं, प्रयोग हवे तेवढे करा, पण ऐकणाऱ्याचा पाय हलला नाही तर तो नुसता गृहपाठ. माझं म्हणणं, पाय हलवायला लग्नातला बँड आहे की! या वादात आमची तीन वर्षं गेली आणि त्याच्या बायकोची सहनशक्ती संपली. अशात हॉलच्या व्यवस्थापक बाईंनी अट घातली: चाळीस मिनिटांत प्रेक्षकांतलं एक माणूस जरी नाचलं, तर वर्षभर दर महिन्याचा पहिला शनिवार आमचा, नाहीतर तो व्यायामवर्गाला. दुसरा कुठलाही हॉल आम्हाला दारात उभं करत नाही, म्हणून दाढीवाल्याने मला न विचारताच मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. हॉल गेला तरी बेहत्तर, तत्त्व सोडणार नाही, असं म्हणून आदल्या दिवशी जाऊन मी तीसच्या तीस खुर्च्या रांगारांगांनी सुतळीने एकमेकींना बांधून टाकल्या, म्हणजे नाचायला कुणी जागाच करू नये. शिवाय तुझ्या चौघींना पहिल्या रांगेचं आमंत्रण दिलं. नऊ ते सहा जागच्या न हलणाऱ्या बायका; इतके स्थिर प्रेक्षक मला कुठे मिळाले असते? सकाळी डोकं ताळ्यावर आलं, आणि धावत जाऊन मी सुतळी सोडायला बसलो. पण गाठ तू लहानपणी शिकवलेली. ती सुटते होय!

पहिली तीस मिनिटं लोक दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसे बसले होते. मग शेवटची रचना सुरू झाली. ती तुझ्या पायमशीनच्या आवाजावर केलेली आहे. सुईची धाव, आणि पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना होणारं ते 'खट', जे कधीच अपेक्षेच्या जागी येत नाही. यावर कुणाला नाचता येणार नाही हे मी कागदावर आकडे मांडून सिद्ध केलं होतं. दोन मिनिटांत काजं करणाऱ्या बाईंचा पाय सुरू झाला, टाच-चवडा, टाच-चवडा. मग कॉलरवालीचा, मग उरलेल्या दोघींचा. हातही नसलेलं कापड पुढे सरकवू लागले. चौघींच्या रेट्याने बांधलेली अख्खी रांग पुढे घसरू लागली, आणि रांगेच्या टोकाला बसलेल्या व्यवस्थापक बाई इच्छा नसताना मंचाकडे निघाल्या. मागच्या रांगा आधी हसल्या, मग त्यांचेही पाय चालू लागले. रांग मंचावर आपटली तशा काजवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या, पण पाय काही थांबेनात.

आत्या, मला रडू आलं, खरंच सांगतो.

हा नाच की काम, यावर नंतर अर्धा तास खल झाला. बाई म्हणाल्या काम, दाढीवाला म्हणाला नाच, मी तत्त्वाने सुतळी सोडत बसलो. शेवटी बाईंची एक चप्पल दुसऱ्या रांगेखाली सापडली, म्हणजे पाय त्यांचाही चालला होता. तीन महिन्यांचे शनिवार मिळाले, पुढचं पुढे बघू म्हणाल्या. संगीत नाचण्याजोगं असलंच पाहिजे हे मला अजूनही पटलेलं नाही. पण खुर्च्या बांधणार नाही.

ताठा जरा उतरलेला तुझा,
भाचा

ता. क. मशीनला नवा पट्टा बसवायला गुरुवारी मेकॅनिक येणार आहे, असं चौघी म्हणाल्या. त्याला चहा पाजून परत पाठव. ते 'खट' गेलं तर मी संपलो.

ता. क. २ दाढीवाल्यालाही हे सांगितलेलं नाही. शेवटच्या रचनेच्या सुरुवातीलाच माझा लॅपटॉप बंद पडला होता. माझं त्यात काहीच वाजलं नाही. दाढीवाल्याच्या यंत्रातून चालू होतं ते तुझं रेकॉर्ड केलेलं मशीन, जसंच्या तसं. मी आपला गंभीर चेहऱ्याने बटणं दाबत होतो. तेव्हा पुढच्या पहिल्या शनिवारी मशीन घेऊन तूच मंचावर बस. टेम्पो मी पाठवतो, गुडघ्याखाली उशीही ठेवतो. अभ्रे शिवायचे असतील तर तेच शीव.