ऑर्कुटवरची तेजश्री

केज,
७ जून २००९

ती. अक्कास,

तुझ्या नीलम्माचा शरणार्थ. दाजींनाही सांग.

इकडे सगळं ठीक आहे. लेकराला दात येताहेत म्हणून किरकिर चालू असते. तू गेवराईहून पाठवलेल्या शेवया सासूबाईंनी शेजारीपाजारी वाटून टाकल्या, माझ्या वाट्याला चुरा आला. फोनवर बोलायचं तर त्या शेजारी येऊन बसतात, म्हणून लिहिते आहे.

ह्यांचं कॉलेजचं काम लई वाढलंय. कॉम्प्युटरच्या कोर्साच्या जागा भरल्या नाहीत तर नव्या मास्तरांना घरी बसवतात, हे तुला माहीतच आहे. मागच्या वर्षी हे जीपवर भोंगा बांधून गावोगाव फिरले, पार मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर पत्रकं वाटून आले आणि घसा बसवून घेतला. आवंदा संस्थेच्या अध्यक्षांनी, बंकटरावांनी, घरी कॉम्प्युटरच बसवून दिला. कॉलेजची वेबसाइट झाली. बारावीच्या पोरापोरींच्या मोबाइलवर जाहिरातीचे मेसेज जातात. शिवाय ऑर्कुट म्हणून एक आहे, त्यावर पोरं आपला फोटो लावतात आणि एकमेकांशी लिहून बोलतात. हे म्हणतात, "आता गावाला जायची गरज न्हाई, गावच आपल्याकडं येतंय."

येतंय खरं. संध्याकाळी चहा नेला तर कप तसाच गार होतो. पडद्याकडे बघून हसत बसतात. पाच वर्षांत मी ह्यांना असं हसताना पाहिलं नाही. तुला वाटेल, नीलम्माचा स्वभावच संशयी. असेल.

अक्का, तेजश्री नावाची कुणी पोरगी तुझ्या ऐकिवात आहे का? हिरवी ओढणी, एका बाजूला वेणी, हसली की गालाला खळी. मी पाणी द्यायला गेले तेव्हा तिचा फोटो आणि नाव पडद्यावर होतं. खाली ह्यांनी लिहिलं होतं, "ताप उतरला का? आईला म्हणावं, दोन दिवस काम सांगू नका. माझी आण हाय तुला." मी आहे असं कळल्यावर ह्यांनी ते पान घाईनं मिटवलं. "कोण आहे ही?" मी विचारलं तर म्हणाले, "कॉलेजचं काम हाय, तुला न्हाई कळायचं."

मला टायफॉइड झाला होता तेव्हा हे गोळ्या उशाशी ठेवून कॉलेजला गेले होते. आण वगैरे कुणी घातली नव्हती.

परवापासून मीही वेणी एका बाजूला घालते. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आरशात बघितलं की माझीच मला लाज वाटते, आणि वेणी सोडवत पण नाही. वाटतं लेकराला उचलावं आणि तुझ्याकडे यावं. आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे तूच. काय करू, लिही. आणि हे पत्र चुलीत घाल.

तुझी
नीलम्मा



केज,
६ जुलै २००९

ती. अक्कास,

शरणार्थ. तुझं पत्र मिळालं. "ती कोण आहे ते आधी बघ, मग घर सोड" असं लिहिलंस. बघितलं. घाई करू नको, नीट वाच.

मागच्या रविवारी कॉलेज बंद होतं, म्हणून शिपायानं दोघांना आमच्या घरी पाठवलं. युसूफ वडगाव ह्या गावचे आप्पा म्हणून एक शेतकरी आणि त्यांची बारावी झालेली लेक शिवांजली. पोरगी दारातच माझ्याकडे, एका बाजूच्या वेणीकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "तेजश्रीताई तुमीच का?"

मी परात खाली ठेवली आणि दोघांना बसवलं.

तिनं सगळं सांगितलं. केजला क्लासला यायची तेव्हा नेट कॅफेत बसून ती तेजश्रीताईशी बोलायची. तेजश्रीताई ह्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घरात लग्नाचं चाललं होतं तेव्हा बापाशी कसं बोलायचं ते ताईनंच शिकवलं. आप्पा म्हणाले, "पोरगी एकली ऱ्हायला मी न्हाईच म्हणत होतो. पण ती ताई म्हणली, हॉस्टेलला माझ्या शेजारच्या खाटेवर झोपंल ती. मग म्हणलं, थोरली भैन हाय तर जाऊ द्या."

एवढ्यात हे बाहेर आले. त्यांचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा. म्हणाले, "तेजश्री... गावाला गेली हाय."

मी यांना आत बोलावलं. "कोणत्या गावाला?"

हे खाली बघत म्हणाले, "मीच हाय ती. अध्यक्ष म्हणले, पोरी मास्तरला उत्तर देत न्हाईत, पोरीला देतात. फोटो कुठलातरी नेटवरचा हाय."

"आणि ताप कुणाला आला होता?"

"ह्याच पोरीला."

अक्का, क्षणभर हसूच आलं. इतके दिवस जिच्या नावानं जेवण गोड लागेना, ती बाई जगातच नाही! आणि मग जी आग लागली ती पहिल्यापेक्षा मोठी. बाई असती तर जाऊन झिंज्या उपटल्या असत्या. नसलेल्या बाईच्या झिंज्या कशा उपटू? ते सगळे गोड शब्द माझ्याच नवऱ्याचे होते. म्हणजे त्यांच्यापाशी होते. मला कधी दिले नाहीत.

त्यावर हे काय म्हणाले असतील? "नीलम्मा, घडीभर तूच तेजश्री हो. गावाहून परत आले, आता इथंच असते म्हण. पोरीला धीर येईल. एक ॲडमिशन हाय गं."

मी चहा घेऊन बाहेर गेले. पोरगी इतक्या मायेनं बघत होती की एका 'हो'चं काम होतं. मी म्हणाले, "तेजश्री कुणी नाही. माझे मालकच तिच्या नावानं लिहीत होते."

पोरीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. "म्हंजी ताप उतरला का म्हणून तुमी इचारलं, सर?" आप्पा उठले. चहाला हात लावला नाही. "मास्तर, पोरीचं सोंग घेऊन माज्या लेकरासंगं बोलत होता? जीपवरून वरडत होता तवा बरे होता की." पोरगी जाताना माझ्याकडे वळली नाही.

तुला वाटेल, नीलम्मा खरं बोलली, चांगलं केलं. चांगुलपणानं नाही बोलले गं. त्या तेजश्रीला कुणाच्या तरी समोर मारायचं होतं, ते मारलं. रात्री पोरीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. आता बाप तिला उजवून मोकळा होईल, हे मला तेव्हा का सुचलं नाही?

म्हणून बुधवारी सासूबाईंना देवाला जाते सांगून वडगावला गेले. आप्पांची बायको केसरबाई, तिनं ओसरीवर बसवलं, पण पाणी उशिरा दिलं. मी म्हणाले, "खोटं आमच्या माणसानं केलं. त्याची शिक्षा पोरीला कशाला? तिला माझ्या घरी ठेवा, मी बघीन."

आप्पा म्हणाले, "त्या मास्तरच्या घरात? न्हाई."

खोटं कशाला बोलू, त्यांनी नाही म्हटलं तेव्हा मला बरंच वाटलं. जिच्या तापाची यांना एवढी काळजी, तिला रोज माझ्या हातची भाकरी वाढायची होती का मला? मग केसरबाई आतून म्हणाली, "पोरगी एस.टी.नं जाऊन येऊन करंल. पण त्या कॉलेजात न्हाई. दुसऱ्या." आप्पांनी आत केसरबाईकडे बघितलं. मग म्हणाले, "पास काढावा लागंल." पोरगी दाराआडून ऐकत होती. मला निरोप द्यायला मात्र ती बाहेर आली नाही.

यांना घरी येऊन सांगितलं. ओरडले नाहीत. यांनी तेजश्रीचं पान कायमचं काढून टाकलं. बंकटराव घरी येऊन वाटेल ते बोलून गेले. कॉम्प्युटर परत नेला. आता पुन्हा जीप.

पण अक्का, पान काढल्यावर हे घरातलं कुणी गेल्यासारखे बसून होते. मी विचारलं तर म्हणाले, "तेजश्री म्हणून बसलं की बोलता येत होतं. राजेश्वर म्हणून काय बोलावं ते सुचतच न्हाई." मला यांची कीव आली, आणि तिचा हेवा गेला नाही. मेलेल्या सवतीचाही हेवा वाटतो म्हणतात, ही तर जन्मलीच नव्हती.

मी पंचमीला लेकराला घेऊन तुझ्याकडे येते आहे. भांडून नाही. यांना सांगितलंय, न्यायला यायचं असेल तर आधी पत्र टाका. फोन नको. खाली स्वतःचं नाव लिहा.

हे म्हणाले, "काय लिहू त्यात?"

मी म्हणाले, "तेजश्रीला नका विचारू."

पत्र आलं नाही, तर किती दिवस ठेवून घेशील ते दाजींना आत्ताच विचारून ठेव.

तुझीच, आणि अजून तरी ह्यांची,
नीलम्मा