घारापुरीला गेलेला नारळ

कलकत्ता, बुधवार, ४ फेब्रुवारी १९५३

आज सकाळी आम्ही दोघं मुंबईहून परतलो. अंग आंबलंय, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

सासूबाईंचा जन्म इथलाच, कलकत्त्याचा. घारापुरीची लेणी त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेली. निघताना त्यांनी नारळ दिला होता, "त्रिमूर्तीपुढे वाढव."

पण मी तरी लेणी कधी पाहिली होती? होडीतून उतरले ती पदर खोचून पायऱ्या चढत सुटले. आत अंधारात तीन तोंडांचा तो एवढा मोठा महादेव! माझी बडबडच बंद झाली. यांना वाटलं, मला चक्कर आली. हात जोडताना आठवलं, नारळ पिशवीसकट होडीतच राहिला.

आज सासूबाईंनी पिशवीतून तो अख्खा नारळ काढला. मी घाईने म्हटलं, "तिथे पूजा होत नाही, नारळ वाढवू देत नाहीत." हे काही खोटं नाही, पहारेकरीच तसं म्हणाला होता.

वाटलं, रागावतील. तर त्यांनी नारळ देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. म्हणाल्या, "असू दे. मी नाही, पण हा तरी देव बघून आला." आणि चक्क नमस्कार केला! संध्याकाळी शेजारच्या बंगाली वहिनी, आमच्या बौदी, त्याही पाया पडून गेल्या.

आता खरं कुठल्या तोंडाने सांगू?

शेवटी देव्हाऱ्यापुढेच बसले आणि सासूबाईंना सगळं वर्णन करून सांगितलं. त्या जटा, ते मिटलेले डोळे, तो गारवा. आवाज मुद्दाम चढा ठेवला. नारळालाही ऐकू जायला हवं ना!