आईचा आवाज ठेवला होता तिथं

९ नोव्हेंबर
ज्यांच्या सर्व्हरवर मी लोकांच्या साईट ठेवते, त्या होस्टिंग कंपनीचा मेल. कुणा मोठ्या कंपनीने त्यांना विकत घेतलंय. माझ्याकडच्या सगळ्या साईट नव्या सर्व्हरवर हलवणार. "आपणास काहीही करावे लागणार नाही." असं कुणी म्हटलं की मी मेल दोनदा वाचते.
दुसरीकडे जावं का? दुपारभर बघितलं. एक स्वस्त आहे, पण अडचणीला फोनवर माणूस नाही. एकीकडे माणूस आहे, तो फक्त माफी मागतो. तिसरीकडे सगळं अमर्याद, फक्त अटी वाचायच्या नाहीत. लोणावळ्याच्या बंगल्यांच्या साईट, चिक्कीवाल्यांची, आईची, एवढं सगळं आपण हलवायचं म्हणजे… राहिले तिथेच. आळस, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर
शैला मावशी उर्श्याहून आली. आईची धाकटी बहीण. तिच्या ज्योतीचं लग्न ठरलं, हळद ३० ला. आईचा हात धरून म्हणाली, "अक्के, तू न्हाई आलीस तर जातं हलनार न्हाई बघ."
आई हसली. आवाज नाही, नुसतं तोंड. घशाच्या ऑपरेशनपासून असंच.
ऑपरेशनच्या आधी तिची हळदीची सगळी गाणी माझ्या फोनवर भरून घेतली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून साईट केली चित्रांची. जातं दाबलं की जात्यावरची ओवी, मुंडावळ्या दाबल्या की पाठवणीचं. अजून बेगडेवाडीपासून उर्श्यापर्यंत आईला हळदीची बोलावणी येतात. फोन आणि छोटा स्पीकर घेऊन जाते, चित्र दाबते, जात्याचा खुंटा धरून बसते. बाया मागून म्हणतात. तेवढं एक तिचं उरलंय.

२२ नोव्हें.
कंपनीने साईट हलवल्या. सकाळपासून बंगलेवाल्या शेठचे फोन. थर्टी फर्स्टची बुकिंग सुरू आहेत, पान उघडत नाही, तुम्ही झोपलात का मॅडम. झोपले नव्हते. दुपारी सगळं लागलं. स्विमिंग पूलचा एकूण एक फोटो जागेवर.
थकले. आईची उघडून बघायची राहिली.

२३ नोव्हें.
चहा झाल्यावर आईने जातं दाबलं. चित्र आहे, आवाज नाही. मुंडावळ्या, तेच. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नेट गेलंय.
नेट गेलं नव्हतं.

२४ नोव्हें.
सपोर्टवर मराठी मुलगा होता, बोलायला चांगला. पानं आली, गाण्यांचा फोल्डर मोठा होता म्हणून मागे राहिला. जुना सर्व्हर पुसून झाला. बॅकअप? रोजचा घेतात, पण मोठ्या फाईली त्यात धरत नाहीत. अटींमध्ये लिहिलंय म्हणे.
"मॅडम, तुमच्याकडे मूळ प्रत असेलच ना?"
ज्या फोनवर भरली तो बदलून नवा घेतला. साईटवर आहेत म्हणून निर्धास्त होते. लोकांना प्रत ठेवा, प्रत ठेवा सांगत फिरते मी. दिव्याखाली अंधार.

२५ नोव्हें.
आईने जिथे जिथे हळद केली त्या घरी फोन. व्हिडिओ आहेत, सगळे नवऱ्या मुलाचे. आई कडेला, गाणं गप्पांखाली. एकात अर्धी ओळ, मग कोण तरी ओरडतंय, भजी आणा.
आईला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी चित्र दाबते, वाट बघते, फोन पालथा ठेवते.

२७ नोव्हें.
सांगितलं. गेली म्हटलं, सगळी, परत येणार नाहीत. तिने ऐकून घेतलं. मग उठली आणि स्पीकर चार्जिंगला लावला, नेहमीसारखा.
तिला कळलं नाही की कळूनही… विचारायची हिंमत झाली नाही. मोरीत नळ सोडून रडले.

३० नोव्हें., उर्से
आई नवं लुगडं नेसून, पिशवीत स्पीकर घेऊन. नको म्हटलं तरी.
जात्याला पान-सुपारी बांधली, खुंटा आईच्या हातात. बायांनी गाणं धरलं. पहिली ओळ सगळ्यांना येत होती, दुसरी निम्म्यांना. तिसरीला सगळ्या आईच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "फोन गात व्हता, मग आमी कशाला ध्यानात ठेवतोय?" खरं आहे. तिचा काय दोष.
जरा वेळ नुसतं जातंच वाजलं. मग मावशी आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हाऊ दे अक्के. पोरं डीजे लावत्यात." तिचे डोळे भरले होते.
डीजे लागला. आई हळद दळतच राहिली. ओठ हलत होते, सबंध वेळ. सगळं गाणं म्हणत होती ती, पहिल्यापासून.

३ डिसें.
बंगल्यांच्या साईट दुसऱ्या होस्टिंगवर नेल्या. प्रत इथे, प्रत तिथे, प्रत ड्राइव्हवर. आता शहाणपण. आईची पानंही नेली, नुसती चित्रं.

७ डिसें.
चहा दे, मीठ कमी, पंखा बंद कर, हे आईच्या ओठांवरचं मला चटकन कळतं. गाण्यातले शब्द जुने, कधी न बोललेले. प, ब, म तर ओठांवर एकसारखेच दिसतात. लिही म्हणावं तर तिला सहीपुरतंच येतं.
दुपारी तिच्यासमोर बसले. हळू म्हण, म्हटलं. ती म्हणायची, मी मोठ्याने अंदाज सांगायचा, ती मानेने सांगायची. नाही. परत. नाही. एकदा तिने कपाळावर हात मारून घेतला. मावशीला फोन लावला, तिलाही पुढचं आठवेना. म्हणाली, "माज्या दिराच्या घरी हळद हाय पौष सरल्यावर. अक्का येनार न्हवं?" आईने मान हलवली. येणार.
परत बसलो. संध्याकाळपर्यंत एवढं जमलं: "थांब रं जात्या थोडं, लेक उंबऱ्यात उभी…" पुढचं निम्मं. माझ्या भसाड्या आवाजात भरून ठेवलं, तीन ठिकाणी. साईटवर अजून चढवलेलं नाही.
दीड ओळ. ती बरोबर आहे, की आईने कंटाळून मान डोलावली, कळायला मार्ग नाही.