निकेलचं टाकं आणि सुमीचा पाळणा

३ एप्रिल १९५४
परत तेच. बँडवाल्या मास्तरांचं कॉर्नेट, ते फुंकायचं पितळी वाद्य, निकेलचा मुलामा द्यायच्या टाक्यातून काढलं, तर कडा जळून काळ्या आणि नळ्यांच्या बेचक्यात पितळ पिवळंच. दादाला सांगून जीभ झिजली. वस्तूला लागून असलेल्या पाण्यातलं निकेल संपतं, ते पाणी हललं तरच ताजं पोचतं. ऐकेल तर शपथ! "दही लावल्यावर ढवळतोस व्हय रं? गप बसू दे की त्याला." वर झाकण. कर्म माझं.

५ एप्रिल
मास्तर बघून गेले. "हे वरातीत मिरवायचं का झाकून ठेवायचं?" हे एक नीट निघालं तरच बाकीची वाद्यं इथं, नाहीतर लग्नसराईआधी सगळी उचलणार. दादानं सांगूनच टाकलं, हेही बिघडलं तर टाकं मोडायचं, आपली कल्हईच बरी, आणि मी गडहिंग्लजला मामाच्या दुकानात. पिढीजात कल्हई मीच हट्टानं बंद करायला लावली होती. रडू आलं, खरंच.

८ एप्रिल
दादा बाजारात. काठीनं ढवळलं, तर तळचा गाळ उठून वस्तूवर बसला. मग सुचलं. भिंतीपलीकडं वहिनी तान्ह्या सुमीला दिवसभर झोके देते. वस्तू टांगायची दांडीच झरोक्यातून दोरीनं पाळण्याला बांधली. पाळणा हलला की दांडी हलते. मोडकं बिगुल टाकलं. बेचक्यातसुद्धा लख्ख! दादा परत आल्यावर म्हणे, "नशीब." नशीब म्हणे!

११ एप्रिल
कॉर्नेट घासून पुन्हा टाक्यात. उद्या मास्तर येणार. आणि नेमकी आज सुमीला कणकण, वहिनीची मांडी सोडायला तयार नाही. टाक्याला वीज देणाऱ्या डायनॅमोचा पट्टा सारखा घसरतोय, मला हलता येत नाही. म्हटलं, वहिनी, पाळणा नुसताच हलवा.
"रिकामा पाळणा हलवत्यात व्हय, भावजी? पोरीच्या पोटात दुखंल की!"
हात जोडले. नाही म्हणजे नाही. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.
दादा उठला. स्वयंपाकघरातनं वरवंटा आणला, दुपट्यात गुंडाळून बारशाला ठेवतात तसा पाळण्यात ठेवला आणि दोरी धरून बसला. वहिनीनं नाक मुरडलं.
मी झरोक्यातून बघतोय म्हटल्यावर खेकसला, "तू पट्टा बघ. आन् हसू नगंस."
हे पट्ट्याशेजारीच लिहितोय. मघाशी वहिनीनं सुमीला कडेवर घेऊन चहा दिला, तो दादानं एका हातानं घेतला. दुसरा दोरीवरच. कॉर्नेट अजून टाक्यात आहे.