कुंपणाच्या अलीकडून

मु. आवळखेड, संग्रामपूरजवळ
ता. ९ मार्च १९६८

चि. भगवंतास विमलताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. हरभरा निघाला, गहू उभा आहे. ह्यांचा गुडघा थंडीनं धरला होता, आता ऊन लागल्यावर मोकळा झाला. शेगावात तुम्ही सगळे खुशाल असाल. प्रेमलाच्या लग्नाची तयारी कुठवर आली? पोरीसाठी शेवया करायला घेतल्यात.

सकाळपासून लिहायला बसते आणि काहीतरी काढून उठते. आता गाईला पाणी पाजून आले.

पाण्यावरून सांगायचं, तर गुरांना नाल्यावर जाता येत नाही. मधल्या ई-क्लासवर तुझं तारेचं कुंपण आलं. ती सरकारी चराईची जमीन तुझ्या संस्थेला शाळेसाठी मिळाली, तेव्हा गावानं पेढे वाटले होते. पोरं शिकतील, गुरं लांब नेऊ म्हणाले. शाळेची एक वीट लागली नाही. पोळ्याच्या सुमाराला कळलं, जागा तुझ्या एकट्याच्या नावावर झाली, तिथं कापसाचं जिनिंग होणार. कसं झालं, ते तुला ठाऊक.

दिवाळीत मी विषय काढला होता. तू हसलास. "ताई, तुले यातलं काय समजते? लुगडं पाह्य, आवडलं का?"

मागल्या महिन्यात दयारामची गाभण म्हैस तारेत अडकली. सोडवेपर्यंत पोट फाटलं होतं. तो माणूस ओरडला नाही. तिथंच बसून तिच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलत राहिला, ती गेल्यावरही.

मग लोकांनी ठरवलं, नागपूरच्या हायकोर्टात जायचं. उकंडराव आणि पंजाबरावांनी नावं दिली. तुझ्या संस्थेचे माणिकराव जीप घेऊन आले, दोघांशी बोलले, आणि दोघांनीही नावं काढून घेतली. काय बोलले, ते मी विचारलं नाही.

खामगावचे शरच्चंद्र वकील मारुतीच्या पारावर येऊन बसले. म्हणाले, "जागा गावाची असली तरी अर्ज कोणीतरी माणसानंच करावा लागतो. इथं गुरं चारणाऱ्या एकाचं तरी नाव द्या." सगळे खाली पाहत होते. शेवटी गावातल्या एका बाईनं नाव दिलं.

शेवया उन्हात आहेत. चिमण्या हाकलून आले.

भगवंत, ती बाई मीच.

कोणी भरीला घातलं नाही. पारावर शेजारी बसलेली जनकाबाई एवढंच म्हणाली, "सख्ख्या बहिणीचं आयकत नाही, तं आमचं काऊन आयकीन तो?" ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मीच उठले. घरी आल्यावर हे म्हणाले, "माहेर तुटते तुह्यं." मी म्हटलं, "हो." तेव्हापासून भाकरी थापते, गाय दोहते, पण कशातच जीव लागत नाही. रस्त्यावर जीप वाजली की वाटतं, तूच आलास. आणि आला नाहीस, म्हणून वाईटही वाटतं.

काल वकिलांचा निरोप आला. कोर्टानं अर्ज दाखल करून घेतला. निकाल लागेपर्यंत तिथं एक खांबही रोवायचा नाही, असा हुकूम झाला. गाव पारावर जमलं, मला बोलावलं. मी गेले नाही, न्हाणीत जाऊन रडले. पण खोटं कशाला लिहू? बरंही वाटलं.

कोर्टाचा कागद तुझ्या हाती पडेल, त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. आई गेली तेव्हा तुला कडेवर घेऊन मी अख्ख्या गावाशी भांडले असते. तुझ्याशी भांडावं लागेल, हे कुठं माहीत होतं!

जागा परत कर. गुरं नाल्यावर जाऊ दे. तसं केलंस तर मी स्वतः नागपूरला जाऊन अर्ज मागे घेईन. नाही केलंस, तर तारखेला हजर राहीन. प्रेमलाच्या लग्नाला बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर शेवया कोणाहाती तरी पाठवीन. पोरीनं खाव्या, तिचा यात काही संबंध नाही.

वहिनीला आशीर्वाद. रागावलास तरी उत्तर लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल, पण तुझ्या अक्षरात लिही, वकिलाच्या नको.

तुझ्याविरुद्ध उभी असलेली,
तुझी ताई